कस्टमर कम्प्लेंटच्या उत्तरात 'गोष्ट' कशी सांगायची?

पंचगंगाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघते. अकरा वर्षं झाली. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

जुलैमध्ये आमचा पंप केसिंगचा लॉट गेला. ४१२ नग, एफजी २६० ग्रेडच्या बिडाचे, एकेक नग १८ किलोचा. कस्टमरने मशीनिंगला घेतला. अख्खा लॉट मशीन होईपर्यंत ३७ नगांत बोअरच्या, म्हणजे मधल्या गोल पोकळीच्या, आत ब्लोहोल उघडे पडले. आतून गुळगुळीत, चकचकीत भोकं, म्हणजे गॅसच. कास्टिंगच्या कातडीखाली असल्यामुळे मशीनिंगआधी डोळ्यांना काही दिसत नाही. कस्टमरने डेबिट नोट लावली, पुढचा लॉट थांबवला आणि एट-डी रिपोर्ट मागितला.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. एट-डी म्हणजे तक्रारीला द्यायचं आठ पायऱ्यांचं उत्तर. फोर्डने १९८७ मध्ये या पद्धतीची पुस्तिका काढली, आता गाड्यांच्या आणि पंपांच्या धंद्यात सगळेच तो मागतात. चौथी पायरी मूळ कारणाची. आणि कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, बसवायचा वाळूचा गाभा. तो ओला राहिला तर वितळलेलं लोखंड ओतल्यावर पाण्याची वाफ होते आणि भोकं पडतात. त्या चौथ्या पायरीत आम्ही लिहिलं: 'कोअर पूर्ण न वाळवता मोल्डमध्ये बसवला गेला. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. ऑपरेटरला समज दिली, पुन्हा ट्रेनिंग दिलं.' रिपोर्ट दुसऱ्या दिवशी परत आला. लाल अक्षरात 'नॉट ॲक्सेप्टेड'.

त्याच आठवड्यात आमचे साहेब मुंबईत बिझनेस स्टोरीटेलिंगच्या वर्कशॉपला जाऊन आले. त्यांना ते मनापासून पटलं होतं. म्हणाले, "मॅडम, आपण नुसते आकडे पाठवतो, समोरच्याच्या मनात काही उभं राहत नाही. हे उत्तर गोष्टीसारखं लिहा." मी लिहिलं. 'त्या रात्री कोल्हापुरात मुसळधार पाऊस कोसळत होता' इथून सुरुवात केली, मधे आमच्या कारखान्याची परंपरा, टीमने घेतलेला ध्यास, शेवटी नवा निर्धार. दीड पान झालं. उत्तर आलं एका ओळीचं: शुक्रवारपर्यंत फॉरमॅटमध्ये पाठवा.

मला वाईट वाटलं ते नुसतं त्या ओळीचं नाही. आम्ही ज्यांना 'ऑपरेटर' लिहिलं ते मामा २२ वर्षं कोअर शॉपमध्ये आहेत. समज दिल्याच्या कागदावर सही करायच्या आधी त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, सही केली आणि काही न बोलता निघून गेले. ओव्हनच्या रजिस्टरमध्ये त्या रात्री तापमान १६० अंश आहे, वेळ ४५ मिनिटं आहे. म्हणजे त्यांनी ठरल्याप्रमाणेच केलं. चूक त्यांची आहे असं मला वाटत नाही. पण मग कोअर ओले कसे राहिले, हेही मला सांगता येत नाही.

तर विचारायचंय ते असं. अशा कोरड्या, आकड्यांच्या कागदात गोष्ट सांगण्याला खरंच जागा असते का? असेल तर ती कशी सांगतात? ज्यांनी असं काही लिहिलंय किंवा ज्यांच्या टेबलावर असे रिपोर्ट येतात, त्यांनी कृपया सांगा. शुक्रवार जवळ आलाय.

तिरंदाज

मी परचेसमध्ये आहे. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. दिवसाला दीडशे मेल येतात. मला तीन गोष्टी हव्या असतात: किती नग खराब, चांगला माल कधी येणार, पुन्हा होणार नाही याची हमी काय. हे पहिल्या चार ओळींत नसेल तर मी पुढे वाचत नाही. गोष्ट तुमच्या वेबसाईटवर टाका, तिथे शोभेल. रिपोर्टमध्ये मुद्दे द्या, एकाखाली एक.

देहूरोड

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी टेबलाच्या पलीकडे बसायचो. सोळा वर्षं सप्लायर क्वालिटीत काढून गेल्या वर्षी रिटायर झालो. आठवड्याला वीस-पंचवीस एट-डी माझ्यासमोर यायचे. मी ते कसे वाचायचो तेच सांगतो.

रिपोर्ट हातात आला की आधी चौथी पायरी उघडायची. तिथे 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' दिसलं की पुढचं वाचायची गरज उरत नसे, कारण निष्काळजीपणा ही गोष्ट पुढच्या महिन्यातही असणार, त्याच्या पुढच्याही असणार. समज देऊन तो जात नाही. त्या ओळीवरून मला एकच कळायचं, की लिहिणारा माणूस ऑफिसमधून उठून शॉपवर गेलेला नाही.

तुमचा पावसाचा मेल नाकारला गेला आणि तीन ओळींचा रिपोर्टही नाकारला गेला. माझ्या मते दोन्हीचं कारण एकच आहे. घडलं काय, ते दोन्हीत नाही.

टोयोटाच्या ताइची ओहनोंचं पाच वेळा 'का' विचारायचं उदाहरण आपल्या लाइनीतल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मशीन बंद पडलं. का? ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. का? बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजून खडखडत होता. का? गाळणी बसवलेली नव्हती, धातूचा चुरा आत गेला. ट्रेनिंगमध्ये हे तक्ता म्हणून शिकवतात, पण मोठ्याने वाचून बघा, ही गोष्टच आहे. लहानपणी आजी सांगत असताना आपण 'मग?' म्हणायचो ना, इथे त्याच जागी 'का?' आहे. एकेक उत्तर पुढच्या प्रश्नाला वाट करून देतं, म्हणून शेवटी गाळणीपाशी पोचल्यावर ऐकणाऱ्याला वेगळं पटवावं लागत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये पहिल्याच 'का'ला माणूस उभा केला आणि गोष्ट तिथेच संपली.

एक रिपोर्ट मला अजून आठवतो. सातारा रोडवरच्या एका लहान हीट ट्रीटमेंट युनिटचा होता. इंग्रजी मोडकंतोडकं. लिहिलं होतं साधारण असं: रविवारी रात्री २ वाजून १० मिनिटांनी लाईट गेली, २:५५ ला आली. त्या वेळी फर्नेसमध्ये ६० नग होते. पाळीच्या सुपरवायझरने ते सगळे काढून वेगळ्या पेटीत ठेवले, हे त्याने बरोबर केलं. पेटीला लावायला लाल टॅग संपलेले होते म्हणून त्याने खडूने 'थांबा' लिहिलं. सकाळी पेटी उघड्यावरून आत आणताना खडू पुसला गेला. पहिल्या पाळीने ती चांगली समजून पॅक केली. खाली एक फोटो, पेटीच्या कडेला अर्धवट राहिलेला 'थां'.

मी तो रिपोर्ट वाचून खुर्चीतून उठलो आणि शेजारच्यांना दाखवला. तो एक 'थां' बघून माझी खात्री पटली, की ही माणसं खोटं बोलत नाहीत आणि पुढच्या वेळी टॅग संपू देणार नाहीत. त्यांनी कुणालाही दोष दिला नव्हता. उलट सुपरवायझरने बरोबर काय केलं तेही लिहिलं होतं. चूक नेमकी कुठल्या घडीला शिरली ते त्यामुळेच दिसलं.

आता तुमचं. एक कोअर घ्या आणि त्याच्या मागे मागे चालत जा. शूटरमधून, म्हणजे कोअर बनवायच्या मशीनमधून, निघाला किती वाजता, फिन्स, म्हणजे कडेची जादा वाळू, कुणी साफ केले, कोटिंगमध्ये कुणी बुडवला, कुठे निथळत ठेवला, ओव्हनमध्ये कुणी ढकलला, कुणी काढला, मोल्डमध्ये बसेपर्यंत कुठे होता, धातू कधी ओतला. प्रत्येक जागी वेळ, जागा आणि हात. मराठीतच लिहा. ते घेऊन रात्रपाळीला जा आणि कोअर शॉपमधल्या लोकांना वाचून दाखवा. त्यांना विचारू नका, फक्त वाचा. जिथे तुमचं चुकलं असेल तिथे ते स्वतःहून बोलतील. खोटी किंवा अर्धवट गोष्ट ऐकून गप्प बसणं माणसाला जमत नाही.

आणि पाऊस काढू नका. फक्त त्याचं काम बदला. तुमच्या मेलमध्ये तो वातावरण म्हणून आला होता. शॉपमध्ये आर्द्रता मोजत असाल तर त्या रात्रीचा आकडा लिहा, मग तो पुरावा होईल.

पंचगंगाकाठ

देहूरोड सर, मनापासून आभार. 'थां' वाचून अंगावर काटा आला. आज रात्रपाळीला थांबते. साहेबांना सांगितलंय, शुक्रवारऐवजी सोमवारपर्यंत मुदत मागून घ्या म्हणून.

तिरंदाज, राग अजिबात नाही. तुमच्या तीन गोष्टी वहीत लिहून घेतल्यात.

हिंजवडी_फेज_तीन

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कास्टिंगमधलं काही कळत नाही. पण तिरंदाज यांच्या 'मुद्दे द्या, एकाखाली एक' या सल्ल्यावर बोलायला हवं, कारण मुद्द्यांमध्ये गोष्ट कशी हरवते याचं फार वाईट उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

१६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान सुटलं. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअरांनी या धक्क्याचा अभ्यास करून नासाच्या अधिकाऱ्यांना स्लाइड दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. खाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, खरी बातमी: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आदळलेला तुकडा सुमारे १,९२० घन इंचांचा. ६४० पट. म्हणजे ज्या चाचणीच्या आधारावर वरचं शीर्षक लिहिलं, ती चाचणी या धक्क्याला लागूच पडत नव्हती. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात इतर कारणांबरोबर हेही स्पष्ट लिहिलं, की तांत्रिक निबंधाच्या जागी स्लाइड वापरण्याची सवय हे नासातल्या सदोष तांत्रिक संवादाचं उदाहरण आहे.

सलग वाक्यांत लिहायला लागलं असतं, तर 'चाचणीतला तुकडा एवढा होता, पण हा त्याच्या ६४० पट आहे, म्हणून' असं लिहावं लागलं असतं. त्या 'म्हणून'च्या पुढे काय लिहायचं, हा प्रश्न लिहिणाऱ्यालाच पडला असता. मुद्दे लिहिताना 'पण' आणि 'म्हणून' गळून पडतात. ॲमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकींतून पीपीटी काढून टाकली आणि सहा पानांचा सलग मजकूर आणला. बैठकीच्या सुरुवातीला सगळे तो शांतपणे वाचतात, मग बोलतात. आमच्याकडेही सर्व्हर पडला की नंतर मिनिटामिनिटाची हकिगत सलग लिहायची पद्धत आहे, आणि त्यात माणसाचं नाव घालत नाहीत, कारण नाव घातलं की लोक लपवायला लागतात. तुमच्या मामांचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

सांगलीकर_बुक्का

मी सांगलीत एका पतसंस्थेत आहे, वार्षिक अहवालाचं लेखन माझ्याकडे असतं. वडील नारदीय कीर्तन करायचे, त्यामुळे मला तिरंदाज आणि देहूरोड यांचं भांडण आहे असं वाटतच नाही. पूर्वरंगात अभंग आधी म्हणायचा, मग त्याचं निरूपण. लोकांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे, आज विषय काय. मधे नामाचा गजर होतो, कीर्तनकाराला हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात. मग उत्तररंगात आख्यान. आणि आख्यान कितीही रंगलं तरी शेवटी मूळ अभंगावर यायचंच. वडील म्हणायचे, अभंगावर परत आला नाहीस तर तू नुसती करमणूक केलीस. तर ताई, ३७ हा तुमचा अभंग. तो पहिल्या ओळीत म्हणा, मग कोअरचं आख्यान लावा, आणि शेवटी पुन्हा ३७ वर या. ३७ च का, ४०० का नाहीत आणि २ का नाहीत, हे आख्यानातून सुटलं पाहिजे.

आणि एक. धंद्यात गोष्ट आणणं हे मुंबईच्या वर्कशॉपमधून आलेलं नवीन खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर आपल्या इथून जवळच किर्लोस्करवाडी आहे. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना लक्ष्मणरावांनी नांगर विकले. १९२० मध्ये शंकररावांनी तिथूनच 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, तेव्हा ते कारखान्याच्या मालाची आणि घडामोडींची माहिती देणारं पत्रकच होतं. त्यातून पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक उभं राहिलं. नांगराचा फाळ विकणाऱ्यांनी हे केलं, तर पंपाच्या केसिंगवाल्यांनी का करू नये?

पंचगंगाकाठ

मंडळी, चार दिवसांनी लिहितेय. सांगण्यासारखं बरंच आहे.

त्या रात्री साडेदहाला कोअर शॉपमध्ये गेले. चहा झाल्यावर सगळ्यांना मोल्डिंग बॉक्सवर बसवलं आणि लिहून आणलेलं वाचायला लागले. मामा, दोन हेल्पर, आणि कोटिंग करणाऱ्या तीन मावश्या. 'कोअर शूटरमधून निघाला. फिन्स साफ केले. कोटिंगमध्ये बुडवला. ट्रॉलीवर लावला. ट्रॉली ओव्हनमध्ये ढकलून दार लावलं.'

इथे एक मावशी म्हणाल्या, "दार लागतंय कुठं मॅडम? मे महिन्यापासनं ट्रॉलीचं शेपूट बाहेरच ऱ्हातंय की."

मी हातातला कागद खाली ठेवला. सगळे उठून ओव्हनपाशी गेलो. ट्रॉली आत ढकलली, दार ओढलं, आणि दार ट्रॉलीच्या पट्टीवर अडकलं. फटीतून चार बोटं आरामात आत जात होती. बाहेर पावसाची झड चालू, शटर अर्धं वर, आणि त्या फटीतून हाताला ऊब लागत होती. मामा म्हणाले, "सुपरवायझरला सांगितलं होतं जूनमध्ये. त्यो म्हणाला, मीटर १६० दाखवतंय नव्हं?" मीटरचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, ओव्हनच्या मागच्या भिंतीला आहे. तो खरंच १६० दाखवतो.

नवी ट्रॉली आम्ही मेमध्ये घेतली, एका फेरीत २० ऐवजी २४ कोअर जावेत म्हणून. ऑर्डर देताना ओव्हनची लांबी कुणी मोजली नाही. त्या ऑर्डरच्या कागदावर क्वालिटीची, म्हणजे माझी, सही आहे.

दुसऱ्या दिवशी तपासून पाहिलं. मागच्या ओळीतला कोअर ओव्हनमधून काढल्यावर वजन केला, दार पूर्ण बंद करून परत तासभर वाळवला, पुन्हा वजन केला. फरक १ ग्रॅम. दाराजवळच्या ओळीतला कोअर तसाच तपासला. फरक १४ ग्रॅम. उकळत्या पाण्याच्या तापमानालाच १४ ग्रॅम पाण्याची वाफ साधारण २३ लिटर होते, आणि आमचं लोखंड ओतताना १,४०० अंशांच्या आसपास असतं. ती वाफ जाणार कुठे?

आणि सांगलीकर, तुमचा अभंग सुटला. दाराजवळच्या ओळीत चार कोअर बसतात. ४१२ कोअरना साधारण अठरा फेऱ्या, म्हणजे दाराशी राहिलेले सत्तरेक कोअर. त्यातल्या ३७ नी दगा दिला. बाकीचे मोल्डमध्ये बसण्याआधी शॉपमध्ये जास्त वेळ थांबले, तेवढ्यात वाळले असावेत. मेमध्ये हवा कोरडी होती, तेव्हा सगळेच वाळत होते.

उद्या पाठवायचा मजकूर असा आहे. इंग्रजी करून पाठवीन, पण आधी इथे दाखवते.

'पंप केसिंगच्या ४१२ नगांपैकी ३७ नगांत गॅसचे ब्लोहोल निघाले. कारण सापडलं आहे आणि आम्ही ते आमच्याकडे पुन्हा घडवून पाहिलं आहे. खात्रीचे २०० नग १८ तारखेला निघतील.

मेमध्ये आम्ही कोअर वाळवण्याची ट्रॉली बदलली. जुनीवर २० कोअर बसत, नवीवर २४ बसतात. नवी ट्रॉली ओव्हनपेक्षा लांब असल्याने दार पूर्ण लागत नाही, चार बोटं फट राहते. तापमानाचा मीटर मागच्या भिंतीला असल्याने तो १६० अंशच दाखवत राहिला, त्यामुळे रजिस्टरमध्ये काही दिसलं नाही. मे महिन्यात दाराजवळचे कोअर बाहेरच्या हवेत वाळले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शॉपमधली आर्द्रता ९० टक्क्यांवर होती, तेव्हा ते वाळले नाहीत.

दार लागत नाही हे कोअर शॉपमधल्या लोकांनी जूनमध्येच पाहिलं होतं आणि सुपरवायझरला सांगितलं होतं. ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. ट्रॉली बदलताना ओव्हनची चाचणी घ्यायला हवी होती, ती क्वालिटी विभागाने घेतली नाही.

दाराजवळच्या कोअरमध्ये १४ ग्रॅम पाणी उरत होतं, मागच्या ओळीत १ ग्रॅम. प्रत्येक ट्रॉलीवर दाराशी चार कोअर, अठरा फेऱ्यांत सुमारे ७०, त्यातले ३७ तुमच्याकडे उघडे पडले. जुनी ट्रॉली परत लावली आहे. दाराला लिमिट स्विच बसवला आहे, दार लागल्याशिवाय टायमर सुरू होत नाही. प्रत्येक पाळीत दाराजवळच्या एका कोअरचं वजन घेतलं जाईल. आम्ही गुणवत्तेसाठी सदैव कटिबद्ध आहोत.'

साहेबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. 'क्वालिटी विभागाने घेतली नाही' हे ठेवायचं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ठेवू या. ते हो म्हणाले.

तिरंदाज

पहिल्या परिच्छेदात माझी दोन उत्तरं मिळाली. तिसरं शोधायला खाली गेलो आणि सगळंच वाचून काढलं. लिमिट स्विच आवडला.

देहूरोड

ताई, उत्तम. तीनच गोष्टी. 'चार बोटं' ऐवजी मिलिमीटर लिहा, वाचणारा टेप घेऊन बसलेला असतो. शेवटचं 'सदैव कटिबद्ध' वाक्य काढा, ते प्रत्येक रिपोर्टमध्ये असतं आणि तुमच्या वजनाच्या ओळीला झाकून टाकतं. आणि कोअर शॉपने जूनमध्ये सांगितलं होतं तो परिच्छेद कुणी कितीही म्हटलं तरी काढू नका. तिथे अजून एक ओळ हवी: यापुढे असं सांगितलेलं कुठे नोंदवलं जाणार आणि ते कोण वाचणार. माझ्या टेबलावर आला असता तर मी तेच विचारलं असतं.

पंचगंगाकाठ

तिन्ही बदल केले. फट मोजली, ७२ मिलिमीटर. कोअर शॉपच्या भिंतीवर एक वही टांगली आहे, दोरीला पेन बांधून. रोज सकाळी नऊला मी ती वाचून सही करणार, तशी ओळ रिपोर्टमध्ये घातली.

काल पाठवला. समज दिल्याचा कागद मामांच्या समोर फाईलमधून काढला. आज सकाळी कस्टमरचा मेल आला, एकच प्रश्न होता: जुन्या ट्रॉलीची लांबी किती? मामा स्वतः टेप घेऊन गेले, मोजून आले आणि आकडा वहीत लिहिला. त्या वहीतली ती पहिली नोंद.